डोंगीला किती घोडे लावावेत

नदीवर वीस वर्षं घाट चालवला म्हटलं की लोकांना पुराच्या गोष्टी हव्या असतात. कोण वाहून गेलं, कोणाला ओढून काढलं, सुसर पाहिली का. सुसर मी दोनदा पाहिली आणि दोन्ही वेळा ती वाळूत झोपलेली होती. तिच्यावर लिहिण्यासारखं काही नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी अनुभव मागितले तेव्हा मी त्यांना कळवलं, की मी मशीनबद्दल लिहीन. गुत्ता सोडून दोन वर्षं झाली तरी वरच्या-खालच्या घाटांवरची माणसं मला विचारायला येतात ते एवढंच: बाई, डोंगीला किती घोड्यांचं मशीन घ्यावं? त्यांना उभ्या उभ्या एक आकडा हवा असतो. तो आकडा मी कसा काढला, कुठे चुकले, आणि त्या चुकीपायी घाट हातचा कसा जात होता, ते एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं.

आमचा घाट गंगेवरचा. बाहेरच्यांसाठी सांगते, गेवराईच्या अंगाला गोदावरीला कोणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात. अलीकडे बीड जिल्हा, पलीकडे औरंगाबाद जिल्हा, आणि दोन्हीकडे सरकार निजामाचंच. पूल नाही. उन्हाळ्यात गाड्या वाळूतून आणि गुडघाभर पाण्यातून जातात. पावसाळा लागला की नावेशिवाय गत्यंतर नाही. ती नाव चालवायचा हक्क तहसीलकडून घ्यावा लागतो, त्याला गुत्ता म्हणतात.

आमच्याकडे दोन नावा होत्या. मोठी शिडाची. तिच्यात दोन बैलगाड्या, त्यांचे बैल आणि वर तीसेक माणसं मावत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असला की ती झोकात जाई. वारा पडला की मात्र ती नाव नाही, पाण्यावरचा गोठा. तिच्या मागे दोरानं बांधलेली लहान नाव म्हणजे डोंगी, अकरा हात लांब, अडीच हात रुंद. मोठी नाव उथळ पाण्यात अडकली की माणसं डोंगीतून काठाला न्यायची, मोठ्या नावेचा दोर डोंगीतून काठावर पोचवायचा, आणि टपाल, डॉक्टर, सुईण असं तातडीचं काही असेल तर डोंगीच सोडायची. घाटाचं नाव मोठ्या नावेमुळे होतं, पण अब्रू डोंगीवर असते.

माझे मालक तापानं गेले तेव्हा मी तिशीत होते. त्यानंतर गुत्ता माझे चुलत सासरे दाजीबा यांच्या नावावर झाला. दाजीबा घाटावरचे सगळ्यात जुने नावाडी. पाण्याकडे नुसतं बघून आज नावेचं तोंड धारेला किती वर धरायचं ते सांगत. लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं. मला येत होतं, कारण मी आजोळी नगर जिल्ह्यात पाचवीपर्यंत शाळेत गेले होते. तेव्हा पाण्यावर दाजीबा आणि काठावर मी, अशी वाटणी होती. खेपा ठरवणं, माणसं नेमणं, तहसीलचे कागद, सुताराच्या मागे लागणं, हे माझ्याकडे.

पुढचं समजण्यासाठी एक रीत सांगायला हवी. नावेच्या तोंडाची जी आडवी फळी असते ती मायची, म्हणजे गंगामायची जागा. नवं पाणी आलं की तिथे हळद-कुंकू लावायचं आणि त्यानंतर त्या फळीवर कोणी बसत नाही, पाय देत नाही, ओझं टेकवत नाही. धान्याचं पोतं तेवढं चालतं, कारण धान्य लक्ष्मी. एकदा नेकनूरकडचे एक मास्तर बायकोला घेऊन पलीकडे निघाले होते. पायात नवे बूट. नाव पलीकडे लागायच्या आधीच ते काठावर उडी मारायच्या बेतात त्या फळीवर उभे राहिले. नावेत एकच ओरडा झाला.

"ओ मास्तर, पाय काडा!"

"का? फळी चांगली मजबूत दिसते."

"फळी मजबूत हाय," दाजीबा म्हणाले, "तुमी न्हाई."

त्यांनी मास्तरांना स्वतःच्या हातानं ती फळी धुवायला लावली. मास्तर चिडले, पण नावेतली आणि काठावरची मिळून चाळीस माणसं बघत होती. त्यांची बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, "घरी पाण्याचा तांब्या उचलत नाहीत. धुवू द्या, चांगलं धुवू द्या."

मी हे सगळं लग्न होऊन आल्यापासून पाहत होते. रोज पाहिलेली गोष्ट माणसाला दिसेनाशी होते. माझी चूक तिथेच झाली.

मशीनचा विषय निघाला तो पेशकारांमुळे. पेशकार म्हणजे तहसील कचेरीतले तहसीलदारांच्या हाताखालचे मोठे अंमलदार. गृहस्थ वजनदार, दोन्ही अर्थांनी. एका भाद्रपदात ते जालन्याहून परत येत होते. पलीकडच्या काठावर पोचले आणि नदी चढली. वारा मेलेला, धार जोराची. मोठी नाव सोडणं शक्य नव्हतं आणि वल्ह्यांची डोंगी त्या धारेत तगली नसती. पेशकारसाहेब तीन दिवस पलीकडच्या देवळात अडकले. पुजारी तिन्ही त्रिकाळ पिठलं-भाकरी घालत होता. साहेब सकाळ-संध्याकाळ काठावर येऊन छत्री हलवत. अलीकडून आम्ही हात जोडत होतो. दुसरं काय करणार?

चौथ्या दिवशी आम्ही त्यांना आणलं तेव्हा ते एवढंच बोलले, "सारी दुनिया में मशीन की नावां चल रईं, और तुम लोगां हात जोड के खड़े रहते." त्यानंतर कागद आला. पुढच्या गुत्त्याच्या वेळी घाटावर मशीनची डोंगी हवी. साहेब स्वतः पुरात पलीकडून येतील, त्यांना सुखरूप आणून दाखवायचं. नाही जमलं तर गुत्ता वरच्या घाटाच्या गुत्तेदाराला. तो गुत्तेदार टपूनच होता. आमची अकरा माणसं घाटावर पोट भरत होती. घाट गेला असता तर दाजीबांना म्हातारपणी दुसऱ्याच्या नावेवर वल्हं मारावं लागलं असतं, आणि मला माहेरी जाऊन भावजयीच्या चुलीपुढे बसावं लागलं असतं. दोन्ही गोष्टी मला मान्य नव्हत्या.

मशीन डोंगीलाच का आणि मोठ्या नावेला का नाही, असं लोक विचारतात. मोठ्या नावेला वाऱ्याचं बळ फुकट आहे. शिवाय तिला ढकलायचं तर केवढं तरी मोठं मशीन हवं. डोंगीला मागच्या बाजूला बाहेरून टांगायचं छोटं मशीन मिळतं. वर पेट्रोलची टाकी, खाली दांडा, दांड्याच्या टोकाला पाण्यात फिरणारा पंखा. दोरी गुंडाळून ओढली की चालू होतं. काम झालं की काढून खांद्यावर घरी न्यायचं. आमच्या डोंगीचं मागचं टोक निमुळतं होतं. ते सुताराकडून कापून तिथे सपाट जाड फळी बसवून घेतली.

मग गावानं सल्ले द्यायला सुरुवात केली. पाटलांचा हिशेब बैलांवरून होता.

"गाडीला दोन बैल लागत्यात, मोटंला चार. अन् ही तर गंगा हाय. दहा घोड्यांच्या खाली बगू नगा."

"दहा घोडे खात्याल किती?" एकानं विचारलं.

"खात न्हाईत. पेट्रोल पित्यात."

"मग तर आपल्या गावात लई जणांशी जमंल त्यांचं."

मशीन विकणारे सलीमभाई जालन्याहून आले. ते जिनिंगची इंजिनं दुरुस्त करत आणि मुंबईहून मागवून यंत्रं विकत. त्यांच्याजवळ चित्रांचं पुस्तक होतं. त्यात तीन मशीनं आमच्या कामाची: अडीच घोड्यांचं, पाचचं आणि दहाचं.

"बाई, दस का लेव. दरिया इत्ता बड़ा है. पाच का मशीन रोता बैठता."

"वजन किती आहे?"

"वजन कोन पूछता? सब घोड़े पूछते."

"मी वजनच विचारते. शेरात सांगा."

सलीमभाईंनी पुस्तकावरून बोट फिरवत आकडे सांगितले. अडीचचं अठरा शेर, पाचचं सत्तावीस, दहाचं मणाच्या वर. आणि माझं अर्धं काम तिथेच झालं, असं मला वाटलं.

मी डोंगी काठाशी स्थिर पाण्यात उभी केली. मागच्या फळीला मणभर ज्वारीचं पोतं टांगलं. मशीन चालवणारा माणूस मागेच बसणार, म्हणून दाजीबांना तिथे बसवलं. मध्ये दोन माणसं. पुस्तकातल्या चित्रात एक टोपीवाला साहेब मागे मशीनजवळ होता आणि दुसरा पुढच्या टोकाला पाय पसरून बसला होता. त्या दुसऱ्या साहेबाच्या जागी मी दीड मणाचं पोतं ठेवलं. धान्याचं पोतं, त्यामुळे कोणीच काही बोललं नाही. मलाही त्यात वावगं दिसलं नाही. पाणी मागच्या फळीच्या काठापासून चार बोटांवर आलं. म्हणजे दहा घोडे बाद. मग सत्तावीस शेरांचं पोतं टांगलं. पाणी वीतभर खाली राहिलं. हे चालण्यासारखं होतं.

राहिले अडीच आणि पाच. त्यासाठी धारेचा वेग बघावा लागतो. तो बघायची सोपी रीत आहे: पाण्यात बाभळीची फांदी टाकायची आणि काठानं तिच्याबरोबर चालायचं. उन्हाळ्यात मागे वळून तिची वाट पाहावी लागते. पुरात आपल्याला पळावं लागतं, आणि तरी ती पुढे जाते. अडीच घोडे भरलेल्या डोंगीला झपझप चालणाऱ्या माणसाच्या वेगानं नेतात. पुरात तेवढ्यानं भागत नाही, माणूस दोन कोस खाली लागेल. पाच घोड्यांनी डोंगी धारेला तोंड देऊन तिरकी पलीकडे जाऊ शकते. दहा घोड्यांनी ती याच्या दुप्पट पळेल असं समजू नये. जड बुडाची डोंगी एका वेगापर्यंत जाते. त्यापुढे जोर लावला की ती मागचं पाणी उकरते आणि त्याच खड्ड्यात बसते. सलीमभाईंनी ही गोष्ट शेवटी कबूल केली, तीही तिसऱ्या चहानंतर.

पाच घोड्यांचं मशीन ज्येष्ठात बैलगाडीतून आलं. सलीमभाईंनी डोहात चालवून दाखवलं, हळूहळू, दोन फेऱ्या. दाजीबा चार दिवसांत शिकले. पेट्रोलात ठरावीक तेल मिसळावं लागतं, त्यावर एकानं घरचं करडीचं तेल देऊ केलं. मी नको म्हटलं तेव्हा तो रुसला. बाकी सगळं ठीक होतं.

आषाढात पाणी चढलं आणि आम्ही पहिल्यांदा भर धारेत गेलो. मागे दाजीबा, मध्ये वल्ह्यावर आमच्या अकरा जणांतला रामा आणि मी. सगळा गाव काठावर. दाजीबांनी मशीनला पूर्ण जोर दिला आणि डोंगीचं तोंड वर उठलं. इतकं उठलं की मला पुढची नदी दिसेना, नुसतं आभाळ दिसत होतं. मागची फळी खाली गेली, पाणी आत आलं, मशीन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मग आम्ही वाहत निघालो. रामा वल्हं मारत होता, मी भगोण्यानं पाणी उपसत होते, आणि दाजीबांनी मशीन वर उचलून धरून दुसऱ्या हातानं मागचं वल्हं चालवलं. आम्ही कोसभर खाली एका बाभुळबनात लागलो. कोणाला काही झालं नाही. पायी परत आलो तेव्हा काठावर माणसं तशीच उभी होती.

"बाई, घोडं बसलं की वो!"

"बसलं न्हाई बे, उधळलं! पुढचे पाय बघितले न्हाई का वर गेलते?"

चूक काय झाली ते मला बाभुळबनापासून घाटापर्यंतच्या वाटेत कळलं होतं. पुस्तकातला दुसरा साहेब आमच्या डोंगीत नव्हता. त्याच्या जागी मी पोतं ठेवून माप काढलं, आणि प्रत्यक्षात तिथे आमच्याकडे कधीच कोणी बसत नाही. पुढे वजन शून्य, मागे मशीन, दाजीबा आणि पाच घोड्यांचा जोर. डोहात हळू चालवलं म्हणून ते कळलं नाही. पुस्तक खोटं नव्हतं. ते पुढच्या फळीवर पाय पसरणाऱ्या लोकांसाठी होतं.

म्हणून सांगते, डोंगीला मशीन घेताना घोडे सगळ्यात शेवटी बघावेत. आधी मागची फळी किती वजन पेलते ते बघा, मग धार किती ओढते ते, आणि त्याच्याही आधी तुमची माणसं डोंगीत खरोखर कुठे बसतात ते बघा. बसायला हवीत तिथे नव्हे, बसतात तिथे.

मशीन बदलायला वेळ नव्हता. पेशकार आठ-दहा दिवसांत जालन्याहून निघणार होते. त्या दिवशी दाजीबा जेवायला बसले तेव्हा मी विषय काढला.

"मामंजी, पुढं एक माणूस बसवला की डोंगी सरळ होईल."

"पुढं म्हंजी कुटं?"

"फळीवर."

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. "तुजा नवरा बारा वर्सं ह्या नावंवर व्हता. कदी बसला का तितं?"

"त्यांच्या वेळी मागं मशीन नव्हतं."

"मशीन कुनी आनलं? मी आनलं का?"

"साहेबांनी आणायला लावलं. नाही आणलं तर गुत्ता जातो."

"जाऊ दे. गुत्ता आज हाय, उंद्या न्हाई. माय तितंच ऱ्हानार हाय."

"आणि अकरा घरं?"

त्यांनी तुकडा पुन्हा उचलला. मग मी एकेक गोष्ट पुढे करत गेले. ज्वारीचं पोतं ठेवू. "रोज भिजंल, कोंब यील. अन्न कावून नासवायचं?" बरोबर होतं. दगड ठेवू. "धोंडा ठिवायचा तिच्या मांडीवर?" वाळूची पिशवी. त्यावर नुसती नकाराची मान हलवली. मी ताटात आमटी वाढत होते, आणि हातातल्या पळीकडे बघता बघता मला सुचलं.

"पाणी चालेल?"

"कसलं पानी?"

"तिचंच. हंड्यात भरून."

दाजीबांनी उरलेली भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. हात धुतला. आणि उठताना म्हणाले, "हंडे तांब्याचे घे. पत्र्याचे डबे नगं."

दोन मोठे हंडे, भरल्यावर प्रत्येकी पंचवीस शेर. तोंडाला फडकं बांधायचं, खाली चुंबळ ठेवायची आणि दोरीनं आवळायचं. दुसऱ्या दिवशी धारेत गेलो. डोंगी सपाट चालली. काठावरून एकानं विचारलं, "बाई, गंगंतून गंगंचं पानी कुटं नेता?" त्याला मी सांगितलं, तुझ्या घरी. ती डोंगी पुढे नऊ पावसाळे तशीच चालली. गंमत वाटेल, पण हे हंडे दगडापेक्षा बरे असतात. डोंगीत माणसं वाढली की ओतून द्यायचे, कमी झाली की भरून घ्यायचे. पाणी काही दूर नसतं.

पेशकार पलीकडे पोचल्याचा निरोप आला तेव्हा नदी दोन्ही काठ भरून होती. वारा नव्हता. आम्ही तिघं निघालो आणि कसलीही गडबड न होता पलीकडे लागलो. साहेब शेरवानी घालून छत्री घेऊन उभे होते. बरोबर शिपाई आणि कागदांची पेटी.

"यही है मशीन? शाबास."

दाजीबा पाठमोरे वाकून टाकीत पेट्रोल ओतत होते. रामा दोर धरून पाण्यात उभा होता. साहेबांनी डोंगीत नजर टाकली. मधल्या फळ्या ओल्या, तळाला थोडं पाणी. पुढची फळी उंच, कोरडी, पुसून कुंकू लावलेली. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं दोरी सोडून दोन्ही हंडे नदीत उपडे केले आणि खाली तळाला ठेवून दिले. साहेब आले आणि पेटी पायांशी घेऊन फळीवर ऐसपैस बसले.

मी हे सगळं पाहत होते. थांबवायला वेळ होता. मी थांबवलं नाही. कारण साहेब बसले आणि मी मागच्या फळीकडे पाहिलं. पाणी दीड वितीवर होतं. साहेब अडीच मणांना कमी नव्हते. डोंगी इतकी छान कधीच बसली नव्हती.

"मामंजी, ओढा दोरी," मी म्हणाले.

दाजीबा वळले. दोरी त्यांच्या हातात होती. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग तळाला पडलेल्या हंड्यांकडे, मग माझ्याकडे.

"साहेब, उटा."

"क्या?"

"ती बसायची जागा न्हाई."

"तो किस की जागा है?"

"मायची."

पेशकार चिडले नाहीत. ते मला म्हणाले, "बाई, घाट तुम चलाते या ये बड़े मियां?"

धार वाढत होती. वरच्या घाटाचा गुत्तेदार कोणाला तरी पाठवून काठावरून बघत असणार, याची मला खात्री होती. मी त्यांच्याकडे वाकून हळू म्हणाले, "मामंजी, एवढी एक खेप जाऊ द्या. परत फळी धुवून घेऊ."

"धुवून?" ते म्हणाले. त्यांनी दोरी माझ्या मांडीवर ठेवली. "मशीन तू आनलंस. वड तूच." आणि एक पाय काढून काठाच्या चिखलात ठेवला.

मला तेव्हा मशीन चालवता येत नव्हतं. ते त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मी साहेबांकडे वळले. "साहेब, एक सांगायचं राहिलं. मधल्या धारेत त्या टोकावर पाणी उसळतं. तुमचं काही नाही, पण ही पेटी भिजेल. सरकारी कागद आहेत."

साहेबांनी पेटीकडे पाहिलं. मग शेरवानीकडे पाहिलं. मग उठले आणि मध्ये येऊन बसले. "पहले बोलना था," म्हणाले.

मी पाण्यात उतरून हंडे भरले. दोन्ही मीच उचलले, मीच फळीवर ठेवले, मीच बांधले. दाजीबांनी हात लावला नाही. ते परत मागे जाऊन बसले होते आणि मी शेवटची गाठ मारली तेव्हाच त्यांनी दोरी ओढली. पहिल्या ओढीला मशीन लागलं.

त्या खेपेत आम्ही नदी पार केली ती मी केलेल्या सगळ्या खेपांत सगळ्यात सरळ असेल. दाजीबांनी डोंगी धारेला तिरकी धरली ती शेवटपर्यंत हलू दिली नाही. मधल्या धारेत पुढच्या टोकावर पाण्याचा एक थेंब उडाला नाही. साहेबांचं तिकडे लक्ष होतं.

"पानी तो नईं आया, बाई."

"मशीन चांगलं आहे, साहेब."

दुपारी चावडीत बैठक झाली. गुत्ता तीन वर्षांसाठी आमच्याकडेच, असं साहेबांनी जाहीर केलं. अकरा घरांतली माणसं दारात गर्दी करून होती, कोणीतरी गुळाची ढेप फोडली. कारकून कागद लिहायला बसला आणि त्यानं जुन्या कागदावरून दाजीबांचं नाव उचलायला घेतलं. दाजीबा कोपऱ्यातून पुढे आले.

"माजं नगं. बाईचं लिवा."

मी म्हटलं, "मामंजी, हे काय मधेच?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पेशकारांनी विचारलं, "क्यों, बड़े मियां? थक गये?"

"थकलो न्हाई. मी मोठ्या नावंवर ऱ्हातो. पर घाट हिलाच द्या, साहेब. हिला समदं जमतंय. कुनालाबी कुटंबी बसवून घाट चालवंल ही."

पेशकारांना ती तारीफ वाटली. ते मोठ्यानं हसले, दारातली माणसंही हसली, आणि त्यांनी कारकुनाला तसं लिहायला सांगितलं. कारकुनानं माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं कागद माझ्यापुढे सरकवला आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. मी ती बाजूला केली, टाक मागितला आणि सही केली.